थ्रेड किती आणि कशासाठी: डेस्कटॉपवरील समांतर कामांचा आढावा

लग्नसराईत गोव्यातल्या डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या बाजारातल्या कुठल्याही फोटो स्टुडिओत गेलात तर एक काम हमखास चालू दिसेल. एका लग्नाचे दीड-दोन हजार फोटो संगणकावर उतरवलेले असतात. प्रत्येकाचा रंग सुधारायचा, आकार कमी करायचा, कोपऱ्यात स्टुडिओचे नाव टाकायचे आणि सगळे अल्बम छापणाऱ्याकडे पाठवायचे. मालक सगळे फोटो निवडतो आणि एक बटण दाबतो. सॉफ्टवेअर नीट लिहिलेले नसेल तर थोड्या वेळात खिडकी पांढुरकी पडते आणि वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे उमटते. खिडकीने साधारण पाच सेकंद प्रतिसाद दिला नाही की विंडोज ती अडकली असे धरते. मालकाला वाटते प्रोग्रामच बसला. तो टास्क मॅनेजर उघडून प्रोग्राम बंद करतो. आत मात्र काम व्यवस्थित चाललेले असते, तीनशे फोटो झालेलेही असतात. चार कोअरच्या प्रोसेसरमधला एकच कोअर राबत असतो, उरलेले तीन रिकामे.

इथे दोन दोष एकत्र आलेले आहेत. पडदा सांभाळणे आणि फोटो घडवणे ही दोन्ही कामे एकाच थ्रेडवर टाकली आहेत, हा पहिला. यंत्रात असलेली ताकद वापरलीच गेली नाही, हा दुसरा. दोन्हींवर एकच सल्ला मिळतो: थ्रेड वापरा. पण पहिल्या दोषाला एक जादा थ्रेड पुरतो. दुसऱ्याला किती लागतील हे कामाच्या जातीवर ठरते, आणि तिथेच बहुतेक सॉफ्टवेअर घसरते. गेल्या तीस वर्षांत या विषयावर जे लिहिले आणि शिकवले गेले, त्यात थ्रेड कसा निर्माण करावा आणि लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप, कसे लावावे यावर भर राहिला. माझ्या मते डेस्कटॉपवर लिहिणाऱ्याने आधी कामाकडे पाहावे: ते कशाची वाट पाहते, किती स्मृती खाते, दुसऱ्या कुणावर अवलंबून आहे का, आणि मध्येच थांबवले तर मागे काय उरते. या चार गोष्टी कळल्या की थ्रेडांचा आकडा आपोआप समोर येतो.

थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे पुढे सरकणारा सूचनांचा प्रवाह. प्रोग्रामची स्मृती सगळ्या थ्रेडांची मिळून एक. स्टॅक प्रत्येकाचा वेगळा. वैयक्तिक संगणकावर ही सोय १९८७ च्या ओएस/२ मध्ये आली, १९९३ मध्ये विंडोज एनटीने आणि १९९५ मध्ये विंडोज ९५ ने ती घरोघरी नेली. युनिक्सच्या जगात पोसिक्स थ्रेडांचे प्रमाण १९९५ चे. त्या काळी टेबलावरच्या संगणकात प्रोसेसर एकच असे, त्यामुळे थ्रेडांमुळे वेग वाढत नसे. छपाई चालू असताना टंकलेखन अडू नये, एवढाच त्यांचा उपयोग. चित्र पालटले ते २००५ च्या सुमारास. इंटेल आणि एएमडी दोघांनीही त्या वर्षी दोन कोअरचे डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आणले, कारण उष्णतेपायी घड्याळाची गती वाढवणे अशक्य होत चालले होते. हर्ब सटर यांनी त्याच वर्षी एका गाजलेल्या लेखात प्रोग्रामरांना बजावले की नवा प्रोसेसर घेतला की जुना प्रोग्राम आपोआप वेगाने पळेल, हे दिवस सरले. वेग हवा असेल तर काम वाटून द्यावे लागेल.

आधी पडद्याचे पाहू. विंडोजचे विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ, जावाचे स्विंग, क्यूटी, ॲपलचे कोको या सगळ्यांचा नियम एकच आहे: खिडकीतल्या वस्तूंना फक्त एका ठरलेल्या थ्रेडने हात लावायचा. हा आळस नव्हे. सन मायक्रोसिस्टिम्सचे ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये याचे कारण चांगले मांडले होते. माऊसची टिचकी ऑपरेटिंग सिस्टिमकडून वर प्रोग्रामकडे येते, तर प्रोग्रामचा ‘हे रंगव’ हा हुकूम वरून खाली जातो. दोन्ही वाटांवर लॉक ठेवले तर ते उलट्या क्रमाने घेतले जातात आणि कधी ना कधी दोघे एकमेकांची वाट पाहत अडकतात. म्हणून पडद्याचा थ्रेड एकच ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे निरोप पाठवायचे. विनफॉर्म्समध्ये त्याला इन्व्होक म्हणतात, डब्ल्यूपीएफमध्ये डिस्पॅचर, स्विंगमध्ये इन्व्होकलेटर, क्यूटीत सिग्नल आणि स्लॉट. नावे वेगळी, व्यवस्था तीच.

हा नियम पाळूनही पडदा गोठतो. आठ थ्रेड काम करत आहेत आणि प्रत्येक जण दर फोटोच्या दर टक्क्याला ‘प्रगती दाखव’ असा निरोप पाठवतो आहे असे समजा. दोन हजार फोटोंचे दोन लाख निरोप होतात. पडद्याचा थ्रेड ते उपसत बसतो आणि ‘थांबवा’ बटणावरची टिचकी त्या ढिगाखाली गाडली जाते. उपाय सोपा आहे. कामकरी थ्रेडांनी फक्त एक आकडा वाढवत राहावे आणि पडद्याने सेकंदाला दहा वेळा तो आकडा वाचावा. माणसाच्या डोळ्याला त्याहून जास्त लागत नाही.

आता दुसरा दोष. फोटो लहान करणे हे निव्वळ गणिताचे काम. अशा कामाला कोअरइतके थ्रेड पुरतात. त्याहून अधिक केले तर प्रोसेसर त्यांच्यात आलटून पालटून वेळ वाटत बसतो, प्रत्येक बदलाला कॅशमधला माल बाहेर जातो आणि पुन्हा आत येतो. काम वाट पाहण्याचे असेल, म्हणजे जाळ्यावरून फाइल पाठवणे, सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत थांबणे, तर हिशेब वेगळा. ब्रायन गोएट्झ यांच्या २००६ च्या जावावरील पुस्तकातले सूत्र अजूनही उपयोगी आहे: कोअरची संख्या गुणिले, एक अधिक वाट पाहण्याचा वेळ भागिले गणिताचा वेळ. चार कोअर, नव्वद मिलिसेकंद वाट आणि दहा मिलिसेकंद गणित असेल तर चाळीस थ्रेड. हेच सूत्र निव्वळ गणिताच्या कामाला लावले तर उत्तर चार येते. म्हणून एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही जातींची कामे थ्रेडांच्या एकाच ताफ्यात (पूलमध्ये) टाकू नयेत.

डिस्कची गोष्ट आणखी निराळी. जुने फोटो आणि स्कॅन अजूनही फिरत्या तबकडीच्या बाह्य हार्ड डिस्कवर ठेवलेले असतात. तिला एकच हात आहे. आठ थ्रेड आठ ठिकाणचे वाचू लागले तर तो हात इकडून तिकडे धावण्यातच वेळ घालवतो आणि एका थ्रेडने ओळीने वाचले असते त्याहून उशीर होतो. एसएसडीवर उलट आहे, तिला एकाच वेळी अनेक मागण्या दिल्या तर ती खुलते. तेव्हा वाचायला एक-दोन थ्रेड, घडवायला कोअरइतके आणि पाठवायला वेगळे, अशी टप्प्याटप्प्याची मांडणी करून प्रत्येक टप्प्याला त्याच्या त्याच्या साधनाप्रमाणे मर्यादा घालावी. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवलेली मर्यादाही विसरू नये. कामाचा दहावा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल, तर आठ कोअरवर वेग पावणेपाच पटीच्या आसपास थांबतो. कितीही कोअर आणले तरी दहा पटीपुढे जात नाही.

गोव्यात या प्रश्नाला एक खास वजन आहे, ते जुन्या कागदांमुळे. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची, दियोगो दो कोउतो हे त्याचे पहिले प्रमुख. आज कृष्णदास शामा यांच्या नावाने असलेले मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके मात्र पोर्तुगीजांकडे उशिरा गेले. पेडणे १७८८ मध्ये. त्याआधी इथला व्यवहार मराठीतून आणि मोडीत चालत असे, त्यामुळे या भागातल्या जुन्या घराण्यांकडे आणि देवस्थानांकडे मोडी कागद निघतात. पावसाच्या दमट हवेत ते तसेच राहिले तर टिकणार नाहीत. स्कॅनिंगची घाई आहे ती त्यासाठी. स्कॅन झाला की कागद सरळ करणे, मागच्या बाजूची शाई पुढे उमटली असेल तर ती पुसट करणे, डाग काढणे, कडा कापणे, ही कामे सॉफ्टवेअरची. प्रत्येक पान स्वतंत्र असल्यामुळे ती समांतर करायला अगदी योग्य.

पण इथेच कोअर मोजून थ्रेड ठरवणारा फसतो. हिशेब करून पाहा. ए-थ्री आकाराचा कागद सहाशे डीपीआयने स्कॅन केला तर ७,०१६ गुणिले ९,९२१ इतके ठिपके होतात, म्हणजे जवळपास सात कोटी. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. एक पान उलगडले की स्मृतीत दोनशे नऊ मेगाबाइट. मूळ आणि सुधारलेले अशा दोन प्रती धरल्या तर चारशे अठरा. आठ थ्रेड एकाच वेळी आठ पाने घेऊन बसले की सव्वातीन गिगाबाइटहून जास्त. सरकारी कार्यालयातल्या किंवा छोट्या दुकानातल्या चार गिगाबाइटच्या संगणकावर विंडोज स्वतःच निम्मी जागा घेते. मग ऑपरेटिंग सिस्टिम स्मृतीतली पाने डिस्कवर ढकलू लागते आणि सगळेच काम रांगायला लागते. चार कोअरच्या यंत्रावर दोन थ्रेडांनी जे काम एका तासात झाले असते, ते आठ थ्रेडांनी दुपारपर्यंत चालते. अशा कामाला थ्रेडांचा आकडा फक्त कोअरवरून नव्हे, तर मोकळी स्मृती भागिले एका पानाला लागणारी स्मृती असाही काढावा, आणि दोन्हींतला लहान तो घ्यावा.

याच कारणाने रांगेलाही मर्यादा हवी. वाचणारा थ्रेड वेगाने पाने वाचून रांगेत टाकत गेला आणि घडवणारे मागे पडले, तर न घडलेली पाने स्मृतीत साचत जातात. केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत ठरावीक गाड्या मावतात. किनाऱ्यावर आणखी गाड्या आल्या म्हणून बोट लवकर परतत नाही, धक्क्यावरची जागा तेवढी अडते. रांगेला दहाची मर्यादा घातली की अकरावे पान टाकणारा थ्रेड स्वतःहून थांबतो आणि पुढे जागा झाली की चालू लागतो. आजच्या अनेक मोठ्या भाषांत अशी मर्यादित रांग तयार मिळते. ती वापरली जात नाही याचे कारण, अमर्याद रांग लिहायला एक ओळ कमी लागते.

मराठी छापील मजकूर वाचण्यासाठी टेसरॅक्ट नावाचे मुक्त सॉफ्टवेअर अनेक जण वापरतात. मोडी त्याला येत नाही, पण देवनागरी येते. त्यात एक खोच आहे. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट एका पानासाठी आतल्या आत स्वतःच चार थ्रेड चालवते. आपण वरून आठ पाने समांतर दिली की चार कोअरवर बत्तीस थ्रेड भांडू लागतात आणि एकूण वेळ वाढतो. ‘ओएमपी थ्रेड लिमिट’ हे पर्यावरण-चल एक करून ठेवले की प्रत्येक पान एकाच थ्रेडवर वाचले जाते आणि काम झपाट्याने उरकते. प्रतिमांवर किंवा मोठ्या सारण्यांवर काम करणारी इतर सॉफ्टवेअर-ग्रंथालयेही (लायब्रऱ्या) अशीच आपापले थ्रेड उघडतात. समांतरता एकाच पातळीवर ठेवायची, हा नियम मी प्रत्येक नव्या ग्रंथालयाला सर्वांत आधी लावतो.

डिचोलीचे नाव घेतले की खाण आठवतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, आणि २०२२ मध्ये लिलावाची पहिली फेरी झाली तेव्हा त्यात डिचोलीचा पट्टा होता. अशा पट्ट्यात किती आणि कुठल्या प्रतीचे खनिज आहे याचा अंदाज डेस्कटॉपवरच बांधला जातो. जमिनीच्या पोटाचे लहान लहान ठोकळे पाडतात. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि शंभर मीटर खोल भाग घेतला आणि ठोकळा दहा बाय दहा बाय पाच मीटरचा धरला तर दोन लाख ठोकळे होतात. प्रत्येक ठोकळ्यासाठी जवळपासच्या बोअरहोलमधले नमुने शोधायचे, त्यांना क्रिगिंगच्या पद्धतीने वजने द्यायची आणि लोहाचे प्रमाण काढायचे. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये याचा पाया घातला, पुढे फ्रान्सच्या जॉर्ज मातरों यांनी त्याला गणिती रूप दिले.

या एकाच क्षेत्रात समांतरतेची दोन टोके पाहायला मिळतात. साध्या क्रिगिंगमध्ये एका ठोकळ्याचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नसते. दोन लाख कामे, सगळी सुटी. तरीही दोन लाख टास्क करणे चूक, कारण एकेक टास्क सोपवायचा खर्च खुद्द गणिताच्या जवळ जातो. काहीशे ठोकळ्यांचा एक गठ्ठा करावा. गठ्ठे सारख्या आकाराचे केले तरी सारख्या वेळात संपत नाहीत: जिथे बोअरहोल दाट तिथे समीकरणे मोठी, कडेला विरळ तिथे लहान. त्यासाठी कामचोरी (वर्क-स्टीलिंग) नावाची युक्ती आहे. ज्या थ्रेडची रांग संपली तो दुसऱ्याच्या रांगेच्या उलट टोकाकडून काम उचलतो. एमआयटीच्या सिल्क प्रकल्पात १९९० च्या दशकात ती पक्की झाली. इंटेलचे टीबीबी, २०१० च्या डॉटनेटचे टास्क आणि २०११ च्या जावातले फोर्क-जॉइन हे सगळे त्याच वाटेने आले.

दुसरे टोक अनुक्रमिक सिम्युलेशनचे. तिथे एकेका ठोकळ्याला यादृच्छिक क्रमाने भेट देऊन मूल्य ठरवतात आणि पुढच्या ठोकळ्याचे मूल्य आधी ठरलेल्या शेजाऱ्यांवर टेकते. हे काम आतून फोडायला गेलात तर उत्तरच बदलते. पण असे शंभर नकाशे काढायचे असतात, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र असतात. तेव्हा एक नकाशा एका थ्रेडला द्यावा. यादृच्छिक संख्या देणारा एकच जनक सगळ्यांनी वापरला तर त्याच्या लॉकपाशी रांग लागते आणि पुन्हा चालवल्यावर वेगळेच आकडे येतात. प्रत्येक नकाशाला स्वतःचा जनक आणि ठरलेले बीज द्यावे.

आकडे तेच यावेत याचे महत्त्व खाणीत काम केलेल्याला सांगावे लागत नाही. साठ्याचा आकडा सरकारला कळवला जातो, त्यावर पैशाचे हिशेब उभे राहतात. संगणकातली दशांश बेरीज क्रमाप्रमाणे किंचित बदलते; तीन संख्या वेगळ्या क्रमाने मिळवल्या तर शेवटच्या अंकात फरक पडू शकतो. जो थ्रेड आधी संपेल त्याची बेरीज आधी, असे केले तर सोमवारी आणि मंगळवारी एकूण आकडा जुळत नाही. गठ्ठ्यांच्या बेरजा गठ्ठ्याच्या क्रमांकानुसार ठेवून शेवटी एकाच क्रमाने मिळवल्या की हा प्रश्न मिटतो. खर्च जवळपास शून्य.

सामायिक स्मृती हा या विषयाचा सर्वांत अवघड भाग. ‘झालेले फोटो’ मोजणारा एक आकडा सगळे थ्रेड वाढवतात. वाढवणे म्हणजे वाचणे, एक मिळवणे आणि परत लिहिणे. दोन थ्रेडांनी एकाच वेळी ४१ वाचले तर दोघेही ४२ लिहितात आणि एक फोटो मोजणीतून गळतो. लॉक लावले की हे थांबते, पण दोन लॉक उलट क्रमाने घेतले गेले की दोघे कायमचे अडकतात. एडगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये हे प्रश्न मांडले आणि तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थी ते शिकतो. तरीही ते संपलेले नाहीत. बर्कलेचे एडवर्ड ली यांनी २००६ मध्ये स्वतःच्या प्रकल्पातला अनुभव लिहिला आहे. त्यांच्या टोलेमी प्रणालीतला एक भाग २००० मध्ये काळजीपूर्वक लिहिला गेला, सहकाऱ्यांनी तपासला, त्याची प्रत्येक ओळ चाचण्यांतून गेली. २६ एप्रिल २००४ रोजी तो अडकला. चार वर्षे तो दोष तिथेच होता, फक्त वेळा जुळल्या नव्हत्या. चाचणी पार पडली म्हणजे लॉक बरोबर आहेत असे मानणाऱ्याने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

लींचा निष्कर्ष असा की सामायिक स्मृती आणि मोकाट थ्रेड हा पायाच चुकीचा आहे. मला तो पटतो, आणि मराठी वाचकाला त्याचा एक जवळचा पुरावा माहीत आहे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यातल्या ट्रान्सप्युटर प्रोसेसरांची स्मृती ज्याची त्याची होती; ते एकमेकांशी फक्त निरोपांनी बोलत. टोनी होअर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ते ट्रान्सप्युटर घडले होते. आज गो भाषेतले चॅनेल त्याच घराण्यातले, आणि पडद्याच्या थ्रेडकडे निरोप पाठवण्याची वर सांगितलेली रीतही त्याच विचाराची. महासंगणकावर जी शिस्त यंत्राने लादली होती, ती डेस्कटॉपवर आपण स्वतः पाळायची आहे: प्रत्येक कामाला त्याचा माल हातात द्यावा, त्याने तो दुसऱ्या कुणाशी वाटून घेऊ नये, आणि शेवटी फक्त उत्तर परत द्यावे. रस्ट भाषेने २०१५ पासून ही शिस्त कंपायलरकडेच सोपवली. एकाच वेळी दोघांना लिहू देणारा सुरक्षित रस्टमधला प्रोग्राम ती तयारच होऊ देत नाही.

थांबवण्याकडे मात्र कुणी पुरेसे पाहिलेले नाही. चालता थ्रेड बाहेरून मारणे धोक्याचे. त्याच्या हातात लॉक असेल तर तो कायमचा बंद राहतो, फाइल अर्धी लिहिलेली राहते. जावाने आपली ‘स्टॉप’ सोय १९९८ मध्येच नको म्हणून जाहीर केली, नव्या डॉटनेटमध्ये ‘अबॉर्ट’ चालतच नाही. उरतो तो सभ्य मार्ग: रद्द करण्याची खूण ठेवायची आणि प्रत्येक कामाने ती अधूनमधून स्वतः तपासायची. डॉटनेटमधला कॅन्सलेशन टोकन म्हणजे हेच. तपासणी किती वेळाने, हे कामावर ठरवावे. एका पानाला चाळीस सेकंद लागत असतील तर पान संपल्यावर तपासून उपयोग नाही. पानाच्या पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टीनंतर तपासावी.

आणि थांबवणारा नेहमी माणूसच असतो असे नाही. पावसाळ्यात वीज जाते आणि सगळ्या दुकानांत यूपीएस नसतो. दोन हजारांतले चौदाशे फोटो झाले असताना वीज गेली तर परत आल्यावर सॉफ्टवेअरने चौदाशे एकाव्यापासून सुरू करायला हवे. त्यासाठी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी, पूर्ण झाल्यावर खरे नाव द्यावे, आणि झालेल्यांची यादी डिस्कवर ठेवावी. नाहीतर अर्धवट फाइल पूर्ण समजली जाते आणि वधूचा अर्धा करडा फोटो अल्बमपर्यंत पोचतो. थ्रेडांच्या पुस्तकांत हा भाग क्वचित येतो, कारण तो थ्रेडांचा मानला जात नाही. वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर सगळ्यांत महत्त्वाचा तोच.

चुकांचेही असेच. दोन हजारांतली एक फाइल कार्डावरच बिघडलेली असते. तिच्यापायी सगळे काम थांबू नये, आणि ती गुपचूप गळूही नये. टास्कमध्ये उठलेली चूक कुणी विचारली नाही तर अनेक भाषांत ती तशीच विरून जाते. २०१६ नंतर रुजलेली संरचित समांतरतेची कल्पना यावर चांगला तोडगा आहे: मुले-कामे संपल्याशिवाय आई-काम संपत नाही, एखाद्याची चूक तिच्यापर्यंत पोचतेच, आणि आई रद्द झाली की मुलेही रद्द होतात. कोटलिन, २०२१ चे स्विफ्ट आणि २०२२ चे पायथन ३.११ यांनी ती भाषेत आणली. खराब फाइलमुळे आतले ग्रंथालयच कोसळत असेल तर थ्रेड पुरत नाही, वेगळी प्रोसेस हवी. क्रोम ब्राउझरने २००८ मध्ये हाच मार्ग घेतला.

बाकी साधनांविषयी थोडक्यात. ॲपलचे ग्रँड सेंट्रल डिस्पॅच २००९ चे. त्याने थ्रेड लपवून रांगा पुढे केल्या, दिशा योग्य. सी शार्पच्या असिंक-अवेटने २०१२ पासून वाट पाहण्याची कामे सोपी केली, मात्र पडद्याच्या थ्रेडवर बसून त्या कामाचे उत्तर जबरदस्तीने मागितले तर दोघे एकमेकांसाठी थांबतात. हा अपघात अजूनही रोज घडतो. जावा २१ चे आभासी थ्रेड सर्व्हरसाठी मोठी गोष्ट, फोटो घडवणाऱ्याला त्यांचा फारसा लाभ नाही. पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शके; २०२४ च्या ३.१३ मध्ये त्या बंधनाशिवायची प्रायोगिक आवृत्ती आली आणि ३.१४ मध्ये तिला अधिकृत आधार मिळाला. कॉलेजांत पायथनवरच शिकणाऱ्या पिढीसाठी हा बदल मोठा आहे, कारण आजवर ज्या चुका त्या बंधनाने झाकल्या होत्या त्या आता वर येतील.

फर्मागुढीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, डिचोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना लॉकपायी अडकण्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण असलेले जेवणाऱ्या पाच तत्त्वज्ञांचे कोडे जरूर शिकवावे, पण सोबत एक प्रकल्पही द्यावा: हजार फोटो घडवणारे साधे डेस्कटॉप सॉफ्टवेअर. गुण देताना ते दोन कोअरच्या, चार गिगाबाइटच्या जुन्या यंत्रावर, फिरत्या डिस्कवरून चालवून पाहावे. मधली एक फाइल मुद्दाम बिघडवून ठेवावी. काम चालू असताना खिडकी ओढून पाहावी, ‘थांबवा’ दाबल्यावर एका सेकंदात थांबते का ते मोजावे, मग प्लग काढावा आणि पुन्हा सुरू केल्यावर कुठून चालू होते ते पाहावे. सी किंवा सी++ मध्ये लिहिले असेल तर थ्रेड सॅनिटायझर लावून एकदा चालवावे. दोन थ्रेड जिथे एकाच जागी बेसावध लिहितात ती ओळ तो दाखवतो. आणि आठ थ्रेडांनी काढलेली फाइल एका थ्रेडने काढलेल्या फाइलशी बाइट-बाइट ताडून पाहावी.